जुन्या गाडीला पेट्रोल कमी पडतंय? एसी पंप बदलण्याआधी हे तपासा

नाशिक गावात गाडी छान चालते. कॉलेज रोड झाला, गंगापूर रोड झाला, सिग्नलला आयडल एकदम सरळ. मग मुंबईहून परत येताना कसारा घाट लागतो. निम्मा चढ होतो न होतो तोच गाडी गचके द्यायला लागते, ओढ संपते आणि बाजूला घेईपर्यंत बंद पडते. बॉनेट उघडून दहा मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी सुरू होते. फियाट, पद्मिनी, अँबेसेडर, हेराल्ड किंवा जुनी पेट्रोल जीप नव्याने घेतलेल्या माणसावर ही वेळ कधी ना कधी येतेच. पहिला सल्लाही ठरलेला असतो: "एसी पंप गेलाय, बदलून टाका." एसी पंप म्हणजे एअर कंडिशनरचा नव्हे, टाकीतून पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देणारा, इंजिनावरचा यांत्रिक पंप.

पंप कधीकधी खरंच गेलेला असतो. पण टाकीच्या झाकणापासून कार्बोरेटरच्या जाळीपर्यंत इतके संशयित असतात की न मोजता पंप बदलणं म्हणजे पैसे घालवून अंदाज करणं. शिवाय बाजारात मिळणारा नवा पंप तुमच्या जुन्या मूळ पंपापेक्षा चांगला असेलच, असं अजिबात नाही. चांगला मूळ पंप भंगारात देऊन लोक हलका माल बसवून घेतात आणि तक्रार तशीच राहते.

हा लेख कार्बोरेटरच्या गाड्यांसाठी आहे. इंजेक्शनच्या गाड्यांचे आकडे आणि पद्धत वेगळी असते. इथलं काही तिथे लावू नका.

## आधी एवढं डोक्यात पक्कं करा

इंजिनावर बसवलेल्या यांत्रिक पंपात कॅमशाफ्टचा उंचवटा लिव्हर दाबतो, लिव्हर डायफ्राम खाली ओढतो आणि टाकीतून पेट्रोल येतं. ते पुढे ढकलायचं काम मात्र डायफ्रामखालची स्प्रिंग करते. म्हणजे ओढणं कॅमचं, ढकलणं स्प्रिंगचं. कार्बोरेटरच्या छोट्या साठ्यात पेट्रोल भरून त्यावर तरंगणारा फ्लोट वर आला आणि पेट्रोलची वाट अडवणारी नीडल बंद झाली की डायफ्राम खालीच थांबतो आणि लिव्हर नुसता हलत राहतो. म्हणूनच अशा गाडीत प्रेशर स्प्रिंग ठरवते, तुम्ही ॲक्सिलरेटर किती दाबता ते नाही.

यातूनच मुख्य मुद्दा निघतो: प्रेशर वेगळं, धार वेगळी. सोसायटीच्या नळाला तोटी बंद असताना दाब पुरेपूर असतो, पण पाइपात गाळ असेल तर तोटी उघडल्यावर करंगळीएवढी धार येते. गाडीचंही तसंच. आयडलला इंजिन इतकं थोडं पेट्रोल पितं की निम्मी तुंबलेली नळीही गेजवर छान आकडा दाखवते. घाटात मागणी वाढली की पितळ उघडं पडतं. त्यामुळे गेज लावून आकडा बघितला आणि "प्रेशर तर आहे" म्हणून पंप-पाइप निर्दोष ठरवले, असं करू नका. दोन्ही मोजा.

## काय काय लागेल

- तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल किंवा निदान त्यातल्या इंधन यंत्रणेच्या पानांची प्रत. प्रेशरचा खरा आकडा तिथूनच घ्यायचा.
- ० ते १० पीएसआयचं (पाउंड प्रति चौरस इंच, दाबाचं एकक) गेज. व्हॅक्युम आणि फ्युएल प्रेशर दोन्ही दाखवणारं एकच गेज ऑनलाइन मिळतं, तेच घ्या.
- पितळी टी, म्हणजे नळीच्या मध्ये टाकायचा तीन तोंडांचा जोड. नळीच्या मापाचा तयार मिळाला नाही तर अंबड किंवा सातपूरला कोणताही लेथवाला काढून देईल.
- पेट्रोलला चालणारी रबरी नळी आणि नव्या क्लिपा.
- वीतभर पारदर्शक नळी, फक्त तपासणीपुरती.
- लिटरच्या खुणा असलेलं पेट्रोलला टिकणारं भांडं, पाने, चाकात हवा भरायचा पायपंप, एलईडी टॉर्च.
- एबीसी पावडरचं अग्निशामक. गाडीत ठेवलेलं नको, हाताशी उभं केलेलं हवं.
- एक मदतनीस, ज्याचा हात किल्लीवर असेल आणि तोंडात सिगारेट नसेल.

गेजबद्दल एक सूचना. मायको (आताची बॉश) कंपनीमुळे मायको सर्कल असलेल्या या शहरात डिझेलचे पंप आणि नोझल कोळून प्यालेले लोक पुष्कळ आहेत. त्यांच्याकडचं गेज मागून आणलंत तर काटा शून्यावरून हलणारही नाही, कारण ते शेकडो बारसाठी असतं. आपल्याला मोजायचेत दोन-चार पीएसआय. इंजेक्शन गाड्यांचं ० ते १०० पीएसआयचं गेजही त्याच कारणाने निरुपयोगी.

नळीबद्दलही तेच. आपल्याकडे द्राक्षाच्या फवारणीची नळी कुठल्याही दुकानात मिळते, मजबूत दिसते आणि स्वस्त पडते. ती पाण्या-औषधासाठी आहे; पेट्रोलमध्ये काही दिवसांत काठीसारखी कडक होऊन तडकते.

## जागा आणि सुरक्षितता

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली बसते, साठते. त्यामुळे बेसमेंट पार्किंग किंवा सर्व्हिसिंगचा खड्डा नको. मोकळ्यावर, गार इंजिनावर काम करा. कुठलीही नळी सोडवण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, आणि सेल्फ मारायची वेळ येईल तेव्हाच सांडलेलं पुसून ती जोडा. बल्बचा हँडलॅम्प वापरू नका. तो खाली पडून फुटला तर एवढी ठिणगी पुरते.

## १. आधी खात्री करा की दोष पेट्रोलचाच आहे

गरम झाल्यावर दम तोडणारा, ठिणगीच्या यंत्रणेतला कंडेन्सर किंवा कॉइल अगदी पेट्रोल संपल्यासारखं नाटक करतात. ओळखायची ढोबळ खूण अशी: करंट गेला तर इंजिन स्विच बंद केल्यासारखं खाडकन थांबतं. पेट्रोल कमी पडलं तर आधी ओढ जाते, मग गचके, चोक ओढला तर थोडा वेळ सुधारल्यासारखं वाटतं, आणि मग बंद.

गाडी बंद पडली त्याच जागी दोन गोष्टी बघा. प्लगला ठिणगी आहे का, आणि एअर क्लीनर काढून ॲक्सिलरेटर हाताने झटकन उघडल्यावर कार्बोरेटरच्या घशात पेट्रोलची पिचकारी पडते का. ठिणगी बघताना प्लग कार्बोरेटरपासून लांब धरा आणि दोन्ही तपासण्या एकाच वेळी करू नका. ठिणगी जोरदार आणि पिचकारी कोरडी असेल तर पुढे वाचा. पिचकारी चांगली असेल तर पॉइंट-कंडेन्सरकडे वळा.

## २. टाकीचं झाकण

सगळ्यात स्वस्त तपासणी, आणि बहुतेक लोक ती वगळतात. टाकीतलं पेट्रोल कमी होतं तशी आत हवा शिरायला वाट लागते. बऱ्याच जुन्या गाड्यांत ही वाट झाकणातच असते, काहींत वेगळी बारीक नळी असते. ती बुजली की टाकीत व्हॅक्युम तयार होतो आणि पंप ओढून ओढून थकतो. बंद पडल्यावर दहा मिनिटांत आपोआप सुरू होणाऱ्या गाडीत हा संशय आधी घ्या, कारण तेवढ्या वेळात हवा हळूहळू आत झिरपते.

गाडी गचके द्यायला लागली की थांबून झाकण उघडा. फुस्स आवाज होऊन गाडी लगेच ताळ्यावर आली तर काम झालं. मूळ झाकण हरवून कुलुपाचं बाजारू झाकण बसवलेलं असेल तर त्याला भोक आहे का तेही बघा. हेच झाकण गळतं म्हणून आतून रबरी वॉशर चिकटवलेल्या गाड्याही असतात.

याच वेळी टाकीत पेट्रोल किती आहे ते स्वच्छ लाकडी पट्टी घालून बघा. डॅशबोर्डच्या काट्यावर विश्वास ठेवू नका.

## ३. नळ्या, फिल्टर, काचेची वाटी

इथे वेळ घालवा, कारण बहुतेक दोष इथेच सापडतात.

टाकी ते पंप ही ओढीची बाजू. या बाजूला भोक असेल तर पेट्रोल बाहेर टपकत नाही, हवा आत जाते. म्हणून "कुठे गळत नाही" याचा अर्थ "सगळं ठीक आहे" असा होत नाही. पंपात पेट्रोल आत येतं त्या तोंडाला वीतभर पारदर्शक नळी लावा आणि इंजिन चालू करून बघा. सुरुवातीचे बुडबुडे गेले की पेट्रोल सलग वाहायला हवं. बुडबुडे येतच राहिले तर मागे कुठेतरी हवा घेतेय. तपासून झालं की ही नळी काढून टाका. कायमची ठेवायची वस्तू नाही ती.

हवा घेण्याच्या ठरलेल्या जागा म्हणजे टाकीखालचा रबरी जोड, सैल क्लिप, आणि पंपावर काचेची वाटी असेल तर तिचं बुचाचं पॅकिंग. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की हे पॅकिंग सुकतं. नवं बसवा, आणि वाटीची तार आवळताना जोर लावू नका; काच तडकली तर तशी वाटी शोधत मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात जावं लागेल.

नळी बाहेरून चांगली दिसते म्हणून सोडू नका. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर ते सोसत नाही. आतला थर सुटून झडपेसारखा लोंबतो: पंपाने ओढ घेतली की वाट बंद, ओढ थांबली की मोकळी. असा दोष बाहेरून दिसत नाही. नळी दाबून बघा, मऊ-लिबलिबीत किंवा कडक वाटली तर बदला. नवी घेताना तिच्यावर एसएई जे३० आर९ असं छापलेलं बघून घ्या. विटॉन या पेट्रोल सोसणाऱ्या रबराचं अस्तर असलेली मिळाली तर उत्तम.

फिल्टरच्या बाबतीत दोनच गोष्टी. बाण पेट्रोल वाहतं त्या दिशेने आहे ना, आणि गाडीत फिल्टर एकापेक्षा जास्त तर नाहीत ना. प्रत्येक मालकाने आपापला एकेक टाकलेला असतो, आधीचा कुणी काढत नाही. टाकीजवळ एखादा कळकट फिल्टर निघाला तर आश्चर्य वाटू देऊ नका.

## ४. प्रेशर मोजा

पंप आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये टी टाका, त्याला गेज जोडा, क्लिपा आवळा, मगच इंजिन चालू करा. आयडलला काटा थोडा थरथरेल, ते पंपाच्या ठोक्यांमुळे. मधला आकडा घ्या.

या काळातल्या बहुतेक छोट्या गाड्यांत २ ते ४ पीएसआयच्या आसपास प्रेशर असतं. काही ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत दीड ते अडीच. आपल्या जुन्या मॅन्युअलांत आकडा बऱ्याचदा किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये दिलेला असतो. ०.२ म्हणजे साधारण २.८ पीएसआय. हा गुणाकार न करता "०.२ म्हणजे काहीच नाही" असं म्हणणारे भेटतात.

आता इंजिन बंद करा आणि काटा बघत राहा. तो हळूहळू उतरला तर ठीक. धपकन शून्यावर आला तर एकतर पंपाची झडप धरत नाही किंवा कार्बोरेटरची नीडल गळतेय. दोन्ही वेगळे करायला टीच्या पुढची, कार्बोरेटरकडची रबरी नळी गुळगुळीत चिमट्याने दाबून पुन्हा बघा. आता प्रेशर टिकलं तर दोष नीडलचा, तरीही पडलं तर पंपाचा.

प्रेशर जास्त असणंही वाईटच. पाचच्या वर गेलं तर फ्लोटला नीडल धरून ठेवता येत नाही, कार्बोरेटर वाहतो आणि गाडी काळा धूर सोडते.

## ५. धार मोजा

कॉइलची पॉझिटिव्ह बाजूची बारीक वायर काढा, म्हणजे ठिणगीच पडणार नाही. कार्बोरेटरकडची नळी सोडवून भांड्यात सोडा आणि मदतनिसाला सेल्फ मारायला सांगा. दहा-पंधरा सेकंदांच्या वर एकदम मारू नका, सेल्फ तापतो. प्रत्येक ठोक्याला ठसठशीत पिचकारी पडायला हवी. लिबलिबीत धार, मध्येच हवेचा फुसफुसाट, म्हणजे गडबड.

नीट मोजायचं असेल तर कॉइलची वायर परत जोडा. फ्लोटच्या साठ्यात उरलेल्या पेट्रोलवर इंजिन आयडलला मिनिटभर तरी चालतं, तेवढ्यात भांड्यात किती पडतं ते बघा. हे मात्र इंजिन थंड असताना, लांब नळी लावून, भांडं एक्झॉस्टपासून दूर ठेवूनच. मदतनिसाने किल्लीवरचा हात हलवायचा नाही. मिनिटाला साधारण अर्धा लिटर आलं तर छोट्या गाडीचा पंप तब्येतीत आहे.

अर्धाच लिटर का? पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन चाळीसेक अश्वशक्तीचं. पूर्ण ताकदीला ते तासाला बारा-तेरा लिटर पेट्रोल जाळेल, म्हणजे मिनिटाला दोनशे मिलीच्या थोडं वर. अर्धा लिटर म्हणजे दुपटीहून जास्त शिल्लक. तुमच्या पंपातून शंभर-दीडशे मिली येत असेल तर गाडी सपाटीवर बिनतक्रार चालेल आणि घाटात हमखास मरेल.

## ६. दोष पंपाच्या मागे की पंपात?

गेज आता व्हॅक्युमसाठी पंपाच्या ओढीच्या तोंडाला थेट लावा आणि सेल्फ मारा. चांगला पंप साधारण सात-आठ इंच पारा इतकी ओढ दाखवतो आणि सेल्फ थांबल्यावर ती काही वेळ धरून ठेवतो.

ओढ चांगली आणि धार कमी, तर पंपाला हात लावू नका. दोष टाकीकडच्या नळीत. ओढच कमी, तर दोष पंपात. एवढ्या एका तपासणीने गॅरेजमधला निम्मा वाद मिटतो.

इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाडीत आधी पंपाच्या तारांवर, पंप चालू असताना, व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर अर्थिंग आणि जोड साफ करा. जुने एसयू पंप टकटक करतात. फ्लोट भरल्यावर ती टकटक मंदावायला हवी. पेट्रोल न येता टकटक भराभर चालली तर पंप हवा ओढतोय, आणि टकटकच नसेल तर त्याचे पॉइंट बघा.

## ७. टाकी आणि लांब नळी

झाकण उघडं ठेवा, पंपाकडून नळी सोडवा आणि पायपंपाने उलटी, हलकी हवा मारा. टाकीत बुडबुड आवाज आला पाहिजे. जोर लावावा लागला आणि मग एकदम मोकळं झालं, तर कचरा परत टाकीत गेलाय. गाडी चालेल, पण कायमची नाही. आतली जाळी गंजाने भरलेली आहे असं समजा. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर उभी राहिली की आत दमट हवेचं पाणी धरतं, त्यात इथेनॉल पाणी ओढून घेणारं.

टाकी उतरवून साफ करायची झाली तर रेडिएटरवाल्याकडे द्या, पण डाग द्यायला, वेल्डिंगला अशी सरळ कधीही देऊ नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ भरलेली असते. आतून लेप लावून देतो म्हणणाऱ्याला तो लेप इथेनॉलला टिकतो का ते आधी विचारा. न टिकणारा लेप सालपटांसारखा सुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

## ८. पंप उघडताना

उघडण्याआधी इंजिन ऑइलची काडी काढून वास घ्या. पातळी वर गेलेली आणि ऑइलला पेट्रोलचा वास असेल तर डायफ्राम फाटलाय. अशी गाडी चालवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. पंप दुरुस्त केल्यावर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला.

पंपाच्या वरच्या आणि खालच्या भागावर आडवी रेघ मारून खूण करा, नाहीतर तोंडं भलतीकडे होतात. झडपा साफ करा, वाकडं झालेलं तोंड काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट करा. नवा डायफ्राम बसवताना लिव्हर पूर्ण दाबून धरायचा आणि मगच स्क्रू समोरासमोर आवळायचे. लिव्हर मोकळा ठेवून आवळले तर डायफ्राम ताणलेला राहतो, पूर्ण ठोका घेत नाही आणि लवकर फाटतो. किट घेताना इथेनॉलला चालणारं आहे का ते विचारा. वर्षानुवर्षं दुकानात पडलेला जुना माल "ओरिजिनल" म्हणून गळ्यात मारला जातो.

इंजिन ब्लॉक आणि पंप यांच्यातलं पॅकिंग जेवढं होतं तेवढ्याच जाडीचं ठेवा. गळतं म्हणून दोन पॅकिंग टाकली की लिव्हर कॅमपासून लांब जातो आणि ठोका कमी होतो. नवा पंप बसवूनही धार न वाढलेल्या गाडीत आधी हे बघा, मग लिव्हर आणि कॅमची झीज.

## ९. कार्बोरेटरच्या तोंडाशी

नळी जिथे कार्बोरेटरला लागते तिथल्या बोल्टात बहुधा बारीक जाळी असते. ती आहे हेच अनेकांना माहीत नसतं. काढा, फुंका, परत बसवा.

## १०. उन्हाळा

सगळं मोजून बरोबर आलं आणि तरी मे महिन्यात दुपारी द्वारका चौकाच्या गर्दीत गाडी बंद पडत असेल, तर नळीत पेट्रोलची वाफ होतेय. पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवा. लगेच सुरू झाली तर निदान पक्कं. नळीला लाकडी चिमटे लावायचा जुना उपाय लोक मनापासून सांगतात, माझा त्यावर विश्वास नाही. नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब न्या, मध्ये पत्र्याची आड घाला, पंपाखालचा उष्णतारोधक तुकडा जागेवर आहे का बघा. इलेक्ट्रिक पंप लावायचाच असेल तर कमी प्रेशरचा, टाकीजवळ, आणि अपघातात आपोआप बंद होणाऱ्या स्विचसकट.

## ११. रस्त्यावरची परीक्षा

गेजला लांब नळी लावून गेज बाहेरून, काचेवर वायपरखाली, चिकटपट्टीने बसवा. पेट्रोलची नळी केबिनमध्ये आणायची नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. शेजारी एक जण काटा बघायला बसवा आणि चांदवडच्या पुढे राहूड घाटाला जा. कसाऱ्याइतकी गर्दी नको.

चढावर जोर लावताना काटा खाली गेला आणि मग गाडी गचकली, तर पेट्रोल अजून कमी पडतंय. सहाव्या पायरीवर परत या. काटा जागेवर राहिला आणि तरीही गाडी गचकली, तर पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत नीट पोहोचतंय. पुढचं काम जेट, फ्लोटची उंची आणि इग्निशनचं. घरी आल्यावर टी काढून मूळ नळी बसवा, क्लिपा गरम इंजिनावर एकदा आणि दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर एकदा तपासा, आणि प्रेशर, धार, व्हॅक्युमचे तिन्ही आकडे तारखेसह मॅन्युअलच्या कव्हरवर लिहून ठेवा.